नवस रिक्षात बसून बोलावा

बाळ जन्मल्यावर पाचव्या दिवशी महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत पाटा-वरवंटा धुऊन मांडतात, त्यावर हळदकुंकू वाहतात, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. कुठे हा दिवस पाचवा असतो, कुठे सहावा. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते, म्हणून दिवा विझू द्यायचा नाही आणि कुणीतरी जागं राहायचं. हीच रात्र का, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. नाळ गंजक्या पात्यानं किंवा विळ्यानं कापली जायची, त्यावर राख नाहीतर शेण लावलं जायचं, तेव्हा नवजात बाळाचा धनुर्वात साधारण याच दिवसांत उमटायचा. दोन-तीन दिवस बरं दूध ओढणारं बाळ अचानक तोंड उघडेनासं व्हायचं, मग आकडी, मग शेवट. त्या काळच्या आईला जंतू ठाऊक नव्हता, पण कोणत्या रात्री जागं राहायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं. पाचवीच्या पूजेमागची भीती खरीखुरी होती, असं मला वाटतं. आणि पुढे काय झालं हे त्याहून महत्त्वाचं आहे. गरोदर बाईला धनुर्वाताची लस मिळू लागली, नाळ स्वच्छ पात्यानं कापली जाऊ लागली, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. 2015 मध्ये माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं भारतातून निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं, म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहूनही कमी बाळाला तो होतो. या सगळ्यात पाचवीची पूजा कुणी बंद पाडली नाही. पाटा आजही मांडतात, दिवा आजही तेवतो. फक्त मरण गेलं.

घरातल्या आरोग्याचे निर्णय घेताना श्रद्धेचं काय करायचं, या प्रश्नाशी प्रत्येक बापाची कधी ना कधी गाठ पडते. त्यावर माझं म्हणणं या एका उदाहरणात सामावलं आहे. श्रद्धा आणि औषध यांतलं एक निवडायचं असतं, ही समजूतच चुकीची. निवडायचा असतो तो क्रम. आधी काय आणि मग काय, एवढंच बापाला ठरवायचं असतं. त्यासाठी कोणताही विधी, उतारा, अंगारा, काढा किंवा शेजारच्या काकूंचा उपाय समोर आला की स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात: यात वेळ जाणार आहे का, लेकराच्या अंगात किंवा अंगावर काही जाणार आहे का, आणि याच्यापायी दुसरा एखादा उपचार थांबणार आहे का. तिन्हींचं उत्तर नाही असेल तर तो विधी निर्धास्तपणे होऊ द्यावा. त्यात आजीचं समाधान आहे, आणि आजारी मुलाशेजारी बसलेल्या घाबरलेल्या बाईच्या हाताला काहीतरी काम मिळतं, ही काही लहान गोष्ट नाही. एकाचंही उत्तर होय आलं तर मात्र थांबावं, मग सांगणारा कितीही वडीलधारा असो. आपल्या राज्याच्या कायद्यानंही जवळजवळ हीच रेघ ओढली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला उपचार घेण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. पूजा, कीर्तन, भजन, वारी, प्रदक्षिणा यांना त्यात हात लावलेला नाही. गुन्हा धरला आहे तो अडवण्याला. हा कायदा देवाधर्माच्या विरोधात आहे असं अजूनही म्हणणाऱ्यांनी तो एकदा मुळातून वाचावा. आहे तो अगदी छोटा.

गोवराचं उदाहरण जरा जवळून बघू, कारण त्यात आपल्या घरांतलं शहाणपण आणि अडाणीपण एकमेकांत विणलेलं दिसतं. पोराच्या अंगावर लाल पुरळ उठलं की दाराला कडुलिंबाचा डहाळा लागतो, पोराला वेगळ्या खोलीत निजवतात, बाहेरच्यांना आत येऊ देत नाहीत, घरात फोडणी टाळतात, मोठ्यानं बोलत नाहीत. आता यातला धार्मिक भाग काढून पाहा. रोगी वेगळा ठेवणं, पाहुणे बंद करणं, त्याला शांतपणे पडू देणं हे साथीच्या रोगात करायलाच हवं, आणि गोवर तर इतका पसरणारा आहे की लस न घेतलेल्या वस्तीत एक रोगी बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो. एवढं आजीचं बरोबर. पण त्याच दमात ‘देवीचं आहे, औषध द्यायचं नाही, दवाखान्यात न्यायचं नाही, पथ्याचं खायचं’ असं जे येतं, तिथे पोर हातचं जातं. गोवरात मूल दगावतं ते बहुतेक वेळा पुरळामुळे नव्हे, तर मागून येणाऱ्या न्यूमोनियामुळे आणि जुलाबांमुळे. अ जीवनसत्त्व आधीच कमी असलेल्या मुलाची दृष्टीही जाऊ शकते. म्हणून गोवर झालेल्या मुलाला अ जीवनसत्त्वाचा डोस लागोपाठ दोन दिवस देतात. पथ्याच्या नावाखाली त्याचं जेवण तोडणं हे नेमकं उलटं आहे. वर गोवर शरीराची जुनी प्रतिकारशक्तीही पुसून टाकतो, त्यामुळे पुढचे कित्येक महिने ते मूल दुसऱ्या आजारांना सहज बळी पडतं. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवराची साथ आली, मुलं दगावली, आणि लस राहून गेलेली मुलं त्यात फार होती. लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर एकदा आणि सोळा ते चोवीस महिन्यांदरम्यान दुसऱ्यांदा मिळते, सरकारी केंद्रात फुकट. दाराचा डहाळा या लसीच्या आड येत नाही. आड येतो तो ‘औषध नको’ हा हट्ट.

देवीच्या रोगाची, म्हणजे खऱ्या मोठ्या देवीची, गोष्ट तर याहून बोलकी आहे. 14 जून 1802 रोजी मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला गोस्तन-देवीची लस टोचली गेली. भारतातली ही पहिली यशस्वी लस. सुरुवातीला विरोध झाला, लोक पोरं लपवत, टोचणाऱ्याला पाहून दारं लावत. पण मराठी भाषेनं काय केलं पाहा. रोगाचं नाव देवी, आणि लस टोचण्याला म्हणू लागले ‘देवी काढणे’. रोग, रोगाची मालकीण आणि रोगावरचा उपाय असे तिघे एकाच शब्दात नांदू लागले, आणि त्यात कुणाला काही विसंगत वाटलं नाही. भारतातला देवीचा शेवटचा रोगी 1975 मध्ये सापडला, 1980 मध्ये जगातून रोग संपल्याचं जाहीर झालं. शीतळादेवीची देवळं मात्र जागच्या जागी आहेत, माहीमचंसुद्धा. लसीनं देव जातो म्हणणाऱ्यांनी तिथे जाऊन रांग पाहावी.

मग इतकं सगळं डोळ्यांसमोर असूनही शिकलेली माणसं काविळीला झाडपाल्याच्या माणसाकडे आणि साप चावल्यावर मांत्रिकाकडे का पळतात? ती मूर्ख असतात म्हणून नव्हे. त्यांनी गुण आलेला स्वतः पाहिलेला असतो. पण गुण कशाचा, हे तपासायची रीत आपल्याला कुणी शिकवलेली नसते. गढूळ पाण्यातून होणारी हिपॅटायटिस-ए ची कावीळ बहुसंख्य मुलांत काही आठवड्यांत आपोआप उतरते. हातावर चुन्याचं पाणी घालून ‘कावीळ उतरवणारा’ त्या वाडग्यातलं पिवळं पाणी दाखवतो, ते पिवळेपण झाडाची साल आणि चुना यांच्या संयोगाचं असतं. निरोगी माणसाचे हात धुतले तरी पाणी पिवळंच होईल. पण मधल्या काळात पोर बरं होतं, आणि श्रेय त्या वाडग्याला मिळतं. सापाचंही तसंच. आपल्याकडे दिसणाऱ्या सापांत बिनविषारीच अधिक, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष सोडतोच असं नाही. मांत्रिकाकडे नेलेल्यांतले बरेच जण मुळात मरणारच नसतात. जे नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसं यांच्या पुऱ्या दंशानं मरतात, त्यांच्याबद्दल ‘वेळ भरली होती’ असं म्हणून विषय मिटतो. हरण्याची नोंदच होत नाही असा हा जुगार. या चारही सापांच्या विषावर चालणारं प्रतिविष एकच आहे, ते सरकारी रुग्णालयांत मिळतं, आणि ते लवकर पोचलं तरच कामाचं. म्हणजे सापाच्या बाबतीत प्रश्न श्रद्धेचा नाहीच, घड्याळाचा आहे. नवस जरूर बोलावा, पण रिक्षात बसल्यावर बोलावा. तिथे काचेपाशी एखादा गणपती बहुधा असतोच.

यावर सगळ्यात हमखास येणारा आक्षेप असा, की ‘आमच्या वेळी हे काही नव्हतं, आम्हाला काय झालं?’ हा आक्षेप घेणारी व्यक्ती समोर धडधाकट बसलेली असते, म्हणून तो बिनतोड वाटतो. पण तो घ्यायला जिवंत असावं लागतं, हे आपण विसरतो. 1971 मध्ये भारतात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी 129 बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. 2020 मध्ये हा आकडा 28 वर आला, महाराष्ट्रात 16 वर. ती 129 बाळं आज आजी-आजोबा होऊन आपला अनुभव सांगायला आलेली नाहीत. जुन्या घरांत ‘आठ झाली, पाच वाचली’ हे वाक्य किती सहज बोललं जायचं, ते आपल्याच आजीला विचारून पाहावं. अर्थात हा आकडा एकट्या लसीनं खाली आला असा दावा मी करणार नाही. स्वच्छ पाणी, पोटभर अन्न, आईचं शिक्षण, रस्ते हे सगळं त्यात आहे. पण उताऱ्यानं किंवा डाग दिल्यानं तो खाली आला असं मात्र कुणीच म्हणू शकणार नाही. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देतात, त्याला डम्मा म्हणतात. त्या चटक्यांनी पोटदुखी जात नाही, जखमेतून जंतू मात्र आत जातात. तिथल्या आईबापांचं बाळावर प्रेम कमी असतं असं नाही. दवाखाना डोंगरापलीकडे आणि भगत शेजारच्या ओसरीवर, ही खरी अडचण आहे, आणि तिचं उत्तर केवळ त्यांना नावं ठेवून मिळणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: डॉक्टरही चुकतात, लुटतात, साध्या सर्दीला अँटिबायोटिक देतात, गरज नसताना सलाइन लावतात, मग त्यांच्यावरही ही श्रद्धाच नाही का? आहे, आणि ती आंधळी असू नये. सर्दी बहुतेक विषाणूंची असते, अँटिबायोटिकचा तिच्यावर काही परिणाम नाही, आणि ‘डॉक्टर, लगेच बरं वाटेल असं काहीतरी द्या’ असं म्हणून ते मागून घेणारा बाप तितकाच दोषी आहे. पण वाईट डॉक्टरवरचा इलाज चांगला डॉक्टर हा असतो. वाण्यानं मापात मारलं म्हणून कुणी जेवण सोडत नाही, दुकान बदलतं. डॉक्टरला विचारायचं, की हे औषध कशासाठी, दिलं नाही तर काय होईल, कोणती लक्षणं दिसली तर परत यायचं. या प्रश्नांना जो चिडतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. शिवाय लसीला किंवा प्रतिविषाला चूक कबूल करायची सोय असते: तिच्या चाचण्या होतात, नोंदी राहतात, निरुपयोगी ठरलेलं औषध बाद होतं. अंगाऱ्याच्या बाबतीत असं बाद होणं कधी ऐकलं आहे का? वैद्यांकडे किंवा होमिओपॅथीकडे जाणाऱ्यांनाही माझा हाच हिशेब लावायचा आहे. परंपरा म्हणून कुणाला सूट नाही, परंपरा म्हणून कुणाचा तिरस्कारही नाही.

आता घरातलं बोलणं. इथे विज्ञाननिष्ठ म्हणवणारे बाप फार घोटाळा करतात. आईच्या गुटीची टवाळी केली की आई गुटी बंद करत नाही, ती दुपारी, मुलगा कामावर गेल्यावर उगाळते. सहाणेवर वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, हिरडा, सुंठ यांचे मोजून चार-पाच वळसे आणि जायफळाचा एखादा. आजीच्या हाताला हे माप पाठ असतं. उघड्यावर दिलेल्या गुटीपेक्षा लपवून दिलेली गुटी जास्त धोक्याची, कारण उद्या बाळ गुंगीत राहिलं किंवा त्याला जुलाब लागले तर डॉक्टरला खरी गोष्ट कुणी सांगतच नाही. वैद्यकाचं म्हणणं सरळ आहे: सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीही नको. मध तर पहिलं वर्षभर नकोच, कारण त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंनी तान्ह्या बाळाला बॉटुलिझम हा लुळेपणा आणणारा रोग होऊ शकतो. जातकर्मातलं मध-तूप म्हणूनच बाळाच्या ओठांना न लावता देवापुढे ठेवावं. हे आईला सांगायचं कसं? ‘तुला काही कळत नाही’ असं म्हणून नव्हे. ‘आई, तू रोज त्याला तेल लावतेस, शेकतेस, अंगाई म्हणतेस, ते तुझ्यासारखं कुणाला जमणार नाही, तोंडावाटे मात्र सहा महिने काही नको, मग तुझ्या हातची पेज पहिली’ असं म्हणता येतं. कामाची वाटणी झाली की भांडण ओसरतं. आणि आपणही किती विसंगत असतो ते बघा: गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस गल्लीभर वाटतो, आणि आईचा पहिला पिवळा चीक ‘जड पडेल’ म्हणून पिळून फेकायला लावतो. बाळाच्या आयुष्यातलं पहिलं संरक्षण नेमकं त्यातच असतं.

धर्माच्या आतही दार उघडं असतं, हे ठाऊक असलं की असं बोलणं सोपं जातं. गरोदर सुनेला निर्जळी एकादशी, मधुमेही वडिलांना नवरात्राचे नऊ उपास, हे धर्म सांगतो असं नाही. बालक, वृद्ध, आजारी आणि गर्भिणी यांना व्रतात सवलत देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि रमझानच्या रोज्यातही आजारी आणि प्रवासी यांना कुराणानंच सूट दिली आहे. घरातल्या ज्येष्ठांना ज्यांचा शब्द पटतो असे गुरुजी, मौलाना किंवा पाद्री यांना मध्ये घेण्यात कमीपणा मानू नये. पोलिओच्या मोहिमेत उत्तर भारतात हेच केलं गेलं, धर्मगुरूंनी स्वतः डोस पाजले, आणि जानेवारी 2011 नंतर देशात वन्य पोलिओचा रुग्ण सापडला नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तर दवाखानाच आदिवासींच्या देवीच्या नावानं उभारला, माँ दंतेश्वरी दवाखाना, झोपड्यांसारखी बांधणी आणि आवारात देवीचं देऊळ. दवाखान्याला घाबरणारा माणूस आधी देवीला हात जोडतो आणि मग आत येतो. त्याच जिल्ह्यात त्यांनी 39 गावांमध्ये गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं, आणि तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. या कामात कुणाच्या घरचा देव्हारा हलवावा लागला नाही.

हे सारं पटलं तरी बापाचं स्वतःचं काम उरतंच, आणि बहुतेक बाप तिथेच गैरहजर असतात. मुलाची श्वासाची गती मोजता यायला हवी: मूल शांत असताना पुरं एक मिनिट छातीकडे बघत मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात साठ किंवा अधिक, वर्षाच्या आत पन्नास, पाच वर्षांच्या आत चाळीस आली, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर तडक निघायचं. बाळ दूध ओढेनासं झालं, आकडी आली, हाक मारूनही डोळे उघडेना, तर घरातल्या कोणत्याही सल्ल्याची वाट पाहायची नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला शंभर पूर्णांक चार दशांश फॅरनहाइट ताप म्हणजे त्याच रात्री डॉक्टर. जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत बाळ पिवळं दिसलं, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत गेला, तर कोवळ्या उन्हावर विसंबू नये. त्याला दवाखान्यातला निळा प्रकाश लागतो, कारण फार वाढलेलं बिलिरुबिन मेंदूला इजा करतं. जुलाबात ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात, आणि झिंक चौदा दिवस, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी. या गोष्टी फ्रिजवर चिकटवून ठेवाव्यात. रात्री दोन वाजता डोकं चालत नाही. सरकारी रुग्णवाहिकेचा 108 हा नंबरही तिथेच लिहावा.

आणि ते कार्ड. माता-बाल संरक्षण कार्ड जवळजवळ प्रत्येक घरात असतं, आईला त्यातला प्रत्येक रकाना माहीत असतो, आणि बापाला ते कुठल्या पिशवीत आहे हेही सांगता येत नाही. जन्माच्या दिवशी बीसीजी, पोलिओ आणि चोवीस तासांच्या आत हिपॅटायटिस-बी. मग सहा, दहा आणि चौदा आठवडे. मग नऊ महिने. मग सोळा ते चोवीस महिने. मग पाच वर्षांचा डोस. यातल्या पेंटाव्हॅलंट लसीनंतर एखाद-दुसरा दिवस ताप येऊ शकतो, मांडी दुखते, पोर चिडचिडं होतं. हे आधीच सांगून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी ‘बघ, सुईनंच आजारी पडलं’ हे ऐकावं लागत नाही. तारीख अमावास्येला आली आणि घरात कुरकुर झाली तर आशाताईंना विचारून चार दिवसांनी जावं, त्यानं काही बिघडत नाही. चार महिन्यांनी मात्र बिघडतं. सगळ्यात जास्त विसरले जातात ते दहाव्या आणि सोळाव्या वर्षीचे धनुर्वात-घटसर्पाचे डोस, कारण तोवर पोर मोठं झालेलं असतं आणि कार्ड जुन्या कपड्यांच्या ट्रंकेत गेलेलं असतं. ते कपाटातल्या जन्मपत्रिकेच्याच पाकिटात ठेवावं. पत्रिका कुठे आहे हे घरात सगळ्यांना माहीत असतं.